दुकानातला नमुना

मोटरसायकलचे बूट विकायला दोन गोष्टी लागतात, असं मालक म्हणायचे: एक चांगला बूट आणि एक वाईट पाय. बूट कारखान्यातून यायचे. पाय त्यांनी सहा वर्षांपूर्वी नोकरीला ठेवला होता.

ज्या माणसाचा तो पाय होता, त्याला दुकानात सगळे नमुना म्हणत. डावा पाय जन्मापासून दोन बोटं आखूड आणि पोटरी नावालाच. मोटरसायकलवर तो आयुष्यात एकदाही बसला नव्हता; बसमध्येसुद्धा तो पुढचा दांडा घट्ट धरून बसायचा. पण एखादं गिऱ्हाईक मऊ बूट हातात घेऊन "हे बरे वाटतात, हलके आहेत" म्हणालं, की मालक गल्ल्यावरून हाक मारायचे, "अरे नमुन्या, जरा इकडे चालत ये." मग तो पडदा सारून लंगडत बाहेर यायचा आणि सांगायचा. ओला रस्ता, वळणावर खडी, पावणेदोनशे किलोची गाडी घोट्यावर, आणि पायात काय? तर असेच मऊ, आरामशीर बूट. गिऱ्हाईकाचं तोंड उतरायचं आणि मऊ बूट फळीवर परत जायचा.

सुरुवातीला त्याला लाज वाटायची, मग वाटेनाशी झाली. बोलणाऱ्याची बोरंही विकली जातात, इथे निदान माल तरी खरा आहे, अशी तो स्वतःची समजूत घालायचा. आणि बुटांतलं त्याला खरंच कळायचं. टाचेची वाटी अंगठ्याने दाबून तो बूट पारखायचा.

दुकानाच्या मागच्या खोलीत एक म्हातारे कारागीर बसायचे, उसवलेले टाके घालायला आणि झिजलेले तळ बदलायला. तोंडाने फटकळ माणूस. गेल्या वर्षी एकदा ते त्याच्यावर डाफरले, "सहा वर्षं बुटांच्या दुकानात आहेस आणि स्वतःच्या पायाला धड बूट नाही? शरम नाही वाटत?" आणि आठवडाभरात त्यांनी त्याच्यासाठी एक जोड तयार केला. डाव्या बुटाचा तळ जाड, आत बुचाचा टेकू. तो घालून नमुना उभा राहिला तर आरशात दोन्ही खांदे एका रेषेत. तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालला आणि मग खाली बसून रडला. म्हाताऱ्या कारागिरांनी तोंड फिरवून खिळे मोजायला घेतले.

मालकांनी तो जोड नीट उलटासुलटा करून पाहिला. "झकास झालाय. बाहेर खुशाल घाल. दुकानात पाऊल ठेवलंस की काढायचा. धड पाय मला फुकटातसुद्धा नकोय."

तेव्हापासून तो दिवसभर सपाट चपलेत लंगडायचा आणि संध्याकाळी सहाला मागच्या खोलीत बूट चढवून ताठ मानेने बाहेर पडायचा. तसाच ताठ चालत असताना बसच्या थांब्यावर त्याची तिच्याशी ओळख झाली.

ती इस्पितळात प्लास्टर घालायच्या खोलीत काम करायची. बोटांच्या पेरांत कायम पांढरी भुकटी. चार महिने दोघं एकाच बसने जात होती, आणि पहिल्या पंधरवड्यातच दोघं एकमेकांना अरे-तुरे करायला लागली होती. एकदा ती म्हणाली, "दिवसभर मोडकेच पाय बघते रे मी. संध्याकाळी तुला असा ताठ चालत येताना पाहिलं ना, की डोळ्यांना बरं वाटतं." त्या वाक्यावर तो आठ दिवस जगला, आणि त्याच वाक्याने त्याचं तोंड शिवून टाकलं. आपण बुटांच्या गोदामात हिशेब बघतो, असं त्याने तिला सांगून टाकलं होतं. येत्या रविवारी ती त्याला आईला भेटवायला घरी नेणार होती. त्याआधी, शनिवारी, बूट काढून पाय तिच्यासमोर ठेवायचा आणि काय ते सांगून टाकायचं, असं त्याने ठरवलं होतं. सांगितलं तर ती समजून घेईल, अशी त्याला पक्की खात्री होती. पायच तर तिचं काम होतं.

तिच्या जिवाला घोर होता तो धाकट्या भावाचा. त्याने नवी मोटरसायकल घेतली होती आणि कापडी बुटांत ती उडवत होता. "बूट कसे निवडायचे रे?" असं तिने विचारलं, तेव्हा नमुन्याने सगळं ज्ञान ओतलं. बूट संध्याकाळी घ्यायचे, पाय तेव्हा फुगलेले असतात. जाड मोजे घालून बघायचे. घोट्याच्या वर चार बोटं उंच हवेत. दोन्ही हातांनी बूट पिळून बघायचा. जो सहज पिळला जातो, त्यात घोटाही पिळला जातो. दुकान म्हणून त्याने शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका दुकानाचं नाव दिलं. तिथे भावाच्या मापाचा जोड नव्हता, एवढं मात्र त्याच्या कानावर आलं नाही.

गुरुवारी सहाला दहा कमी असताना तो मागे नाड्या बांधत होता. बाहेरून आवाज आला, "ताई, हे बघ ना किती मऊ आहेत!" आणि मग तिचा, "पिळून बघ आधी." आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, हे त्याला कळायच्या आत मालकांची हाक आली.

तो बाहेर गेला, पण ताठ गेला. तिने त्याला पाहिलं. तिच्या भुवया किंचित वर गेल्या आणि खाली आल्या. भावासमोर ओळख दाखवत नाहीये, दाखवू नयेच, असं त्याला वाटलं आणि थोडा धीर आला.

"हे आमचे अपघातवाले," मालक म्हणाले आणि त्याच्या पायाकडे बघून थांबले. "बूट काढ."

"मालक, माझी वेळ झाली."

"दहा मिनिटं आहेत अजून. बस तिथे."

माप घ्यायच्या स्टुलावर तो बसला. मालकांनी स्वतःच वाकून डावा बूट ओढून काढला, उलटा करून आपटला आणि आतला टेकू गल्ल्यावर ठेवला. "याच्यावर चालतंय सोंग. आता चाल बघू आरशापर्यंत."

तो चालला. आरशापर्यंत अकरा पावलं होती, रोजचीच. आरशात ती दिसत होती आणि ती त्याच्या कमरेकडे बघत होती. आज खडी, वळण आणि पावणेदोनशे किलो हे सगळं मालकांनाच सांगावं लागलं.

भाऊ हसला. "काय राव, गोष्ट बनवताय. एवढी गाडी पडली तर व्रण कुठाय?"

सहा वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मालक गल्ल्यावरच्या पावत्या सारख्या करू लागले. नमुन्याला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. आता खोटं उघडं पडेल, ही दोघं निघून जातील आणि शनिवारी आपण तिला खरं ते सांगू.

तेवढ्यात ती पुढे आली आणि त्याच्यासमोर गुडघ्यावर बसली.

"पँट वर घ्या," ती म्हणाली. घ्या म्हणाली.

त्याने पँट वर घेतली. तिने अंगठा पोटरीत रुतवला, घोटा दोन बोटांत धरून फिरवला. जन्मापासूनचा पाय आणि चिरडलेला पाय हात लावताच वेगळा कळतो, हे तिनेच त्याला बसमध्ये सांगितलं होतं. तिला कळलं. तिचा अंगठा क्षणभर थांबला तेव्हाच त्याला समजलं, की तिला कळलं.

"आतून चिरडलं की वर व्रण राहत नाही," ती भावाला म्हणाली. "रोज बघते मी. ये, हात लाव."

"नको गं ताई."

"लाव म्हणते ना. बघ, आत काही राहिलंय का? असला पाय घेऊन जन्म काढायचाय तुला? कोण उभं करेल दारात?"

भावाने दोन बोटं लावली आणि पटकन मागे घेतली. तिने मान वर केली, पण नजर नमुन्याच्या गुडघ्यावरच ठेवली. "सांगा ना याला. तेव्हा पायात कोणते बूट होते?"

तिला हवं होतं ते उत्तर त्याला पाठ होतं. आपण आत्ता तिच्या उपयोगी पडतोय, एवढाच विचार त्याच्या डोक्यात आला. आणि माणूस किती मूर्ख असतो बघा, त्या विचाराने त्याला बरं वाटलं.

"मऊ," तो म्हणाला.

भावाने मुकाट्याने जड बूट मागितले. नमुन्यानेच ते त्याच्या पायात चढवले, एका पायात बूट आणि एक पाय उघडा अशा अवतारात. पुढे अंगठाभर जागा आहे का बघितलं, टाच उचलत नाही ना बघितलं, बक्कल एक घर सैल केलं. मनापासून केलं. तोवर तिने पिशवीतून छोटी बाटली काढून हात चोळून स्वच्छ केले, कामावर करते तसे.

दारात ती थांबली. भाऊ पुढे गेला होता, त्याला ऐकू जाणार नव्हतं. नमुना स्टुलाला धरून उभा राहिला. आत्ता ती काहीतरी बोलेल. शनिवारी भेट म्हणेल, नाहीतर का सांगितलं नाहीस म्हणून भांडेल. भांडली तरी त्याला चाललं असतं.

"येते हं, दादा," ती म्हणाली. "पायाला जपा."

काचेचं दार लागलं. बसच्या थांब्याच्या उलट्या दिशेने दोघं चालत गेली, भाऊ खोका हलवत पुढे आणि ती मागे.

मालकांनी टेकू गल्ल्यावरून उचलून त्याच्या हातात दिला. ते भलतेच खूश होते. "बाई हुशार. सहा वर्षांत आपल्याला सुचलं नाही बघ. उद्यापासून पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बसायचं, आणि गिऱ्हाईकाला हात लावू द्यायचा."