सात जानेवारीची चांदणी

"पॅट, हे काय आहे?"

क्राउदर साहेबांनी कॅलेंडर आपटलं माझ्या टेबलावर, पण बघत होते पलीकडे, पारास्काकडे.

"कॅलेंडर," पारास्का म्हणाली.

"ते मलाही दिसतंय. सात जानेवारीला चांदणी कशाला?"

"सुट्टीच्या दिवशी चांदणी छापायची, असं तुम्हीच सांगितलं होतंत, साहेब."

"सात जानेवारीला कसली आलीय सुट्टी?"

"नाताळची."

आमच्या खोलीतली, कार्डांवर भोकं पाडून माहिती भरणारी पंच मशीनं दिवसभर खडखडत असायची. ती सगळी एकदम थांबली.

१९६४ चा डिसेंबर होता आणि अमेरिकेतल्या न्यूअर्कमधल्या आमच्या विमा कंपनीत नवीन यंत्र, म्हणजे कॉम्प्युटर, येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. पॅटचं खरं नाव पारास्का झुबाय. साहेबांना ते पहिल्याच दिवशी जड गेलं, म्हणून त्यांनी तिची पॅट करून टाकली. मी लॉरेन कीगन. माझ्या नावावर मात्र साहेब कधी अडखळले नाहीत. न्यूअर्कच्या साहेबलोकांना आयरिश नावांची सवय होऊन जमाना झाला होता.

कॅलेंडरं पूर्वी छापखान्यातून यायची, वर धबधब्याचं नाहीतर कुत्र्याच्या पिल्लाचं चित्र. त्या वर्षी वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी डोक्यात आलं, की एवढं मोठं यंत्र भाड्याने घेतलंय तर कॅलेंडरही त्यालाच छापू दे. काम पारास्काकडे आलं. आमच्यातून कार्डं पंच करता करता प्रोग्राम लिहायला गेलेली ती एकटीच. साहेबांना फक्त पुढचं वर्ष हवं होतं. हिने असा प्रोग्राम केला, की एका कार्डावर हवं ते वर्ष पंच करायचं, प्रत्येक सुट्टीचं एकेक कार्ड लावायचं आणि यंत्राने ते छापून द्यायचं. "दरवर्षी नव्याने डोकं कोण फोडणार?" असं तिचं म्हणणं. ही बातमी पसरली आणि खोलीत रीघ लागली. टपाल वाटणारा म्हातारा मर्व्हिन आपल्या जन्माचा महिना छापून घ्यायला आला. तो रविवारी जन्मला म्हणून नशीबवान, असं त्याची आई सांगायची. निघाला मंगळवार. बिचारा दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

आता नाताळाचं सांगते. पारास्काचे आईवडील पूर्व युरोपातल्या कार्पेथियन डोंगरातून आलेले. जवळच्या पॅसेइक गावात त्यांच्या लोकांचं चर्च होतं आणि त्यांचे सण जुन्या पंचांगाने व्हायचे, त्यामुळे नाताळ सात जानेवारीला. आदल्या संध्याकाळी आकाशात पहिली चांदणी दिसली की मगच घरची माणसं जेवायला बसायची. आणि विमा कंपनीत जानेवारीचा पहिला आठवडा म्हणजे वर्षअखेरीचं काम, रजेचं नावही काढायचं नाही. म्हणून दरवर्षी सात तारखेला सकाळी पारास्का फोनवर खोकायची. आठ तारखेला पत्र्याच्या डब्यातून बोबाल्की घेऊन यायची, म्हणजे खसखस आणि मधात घोळवलेले पावाच्या कणकेचे छोटे गोळे. आम्ही "आता बरं वाटतंय ना गं?" असं विचारत ते फस्त करायचो. साहेबही दोन-चार उचलायचे. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं.

"पॅट, तुझा नाताळ तुझ्या घरी," साहेब म्हणाले. "कॅलेंडर कंपनीचं आहे. ते कार्ड काढ."

"कार्डांचा गठ्ठा तिथे आहे, साहेब. माझ्या हाताने मी नाही काढणार."

कार्डांचा गठ्ठा हातातून सुटला तर क्रम परत लावता लावता जीव जातो. म्हणून आम्ही गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर तिरपी लाल रेघ मारून ठेवायचो. एखादं कार्ड इकडचं तिकडे झालं की रेघेवरून कळतं. साहेबांनी सुट्ट्यांची कार्डं चाळली, सात जानेवारीचं ओढून काढलं आणि कोटाच्या खिशात घातलं. आम्हाला सगळी कॅलेंडरं पुन्हा छापावी लागली.

जेवणाच्या सुट्टीत मी तिला धारेवर धरलं. "डोकं फिरलंय का तुझं? फोन कर, खोक आणि मोकळी हो. इतकी वर्षं केलंसच ना?"

तिने सँडविचचा कागद घडी घालून ठेवला. "आई दरवर्षी जेवायला बसताना विचारते, साहेबांनी सुट्टी दिली ना? मी हो म्हणते. यंदा म्हणाली, कॅलेंडर तूच बनवतेस ना, मग त्यात आपला नाताळ मला दाखव."

तिची आई उन्हाळ्यापासून अंथरुणाला खिळली होती.

"यानंतरचा नाताळ ती बघणार नाही, लॉरेन. तिच्या शेवटच्या नाताळाला मी खोकणार नाही."



सहा जानेवारीला काम संपलं तशी ती साहेबांच्या काचेच्या दारात जाऊन उभी राहिली आणि खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "साहेब, उद्या मी येणार नाही. मला ताप नाही, खोकला नाही. उद्या नाताळ आहे."

"मग परवाही येऊ नकोस," साहेब म्हणाले.

परवा ती आली. अंगात ओव्हरकोट, हातात डबा. साहेबांनी तिला आत बोलावलं, पण दार लावायचं राहिलं. माणूस वाईट नव्हता, हे कबूल करताना माझ्या जिवावर येतं.

"हे बघ, मी अजून वर काही कळवलेलं नाही. एका ओळीत लिहून दे, आजारी होते म्हणून. विषय संपला."

"नव्हते ना पण."

"कागदापुरतं लिही."

"कागदापुरतं पुष्कळ वर्षं झालं, साहेब. काल आईला खरं ते सांगितलं. म्हटलं, सुट्टी त्यांनी दिली नाही, मी घेतली. तर ती हसली. पडल्या पडल्या इतकी हसली की उचकी लागली तिला. आता तेच पुन्हा खोटं कसं करू?"

ती निघाली, दारापाशी वळली. "आणि माझं नाव पारास्का आहे."

तिने डबा माझ्या टेबलावर ठेवला, आपला कप आणि स्वेटर उचलला आणि गेली. आम्ही डबा उघडला. एरवी आमच्या खोलीत कोण हसायचं नाही! त्या दिवशी सगळ्याजणी मुकाट्याने खात होत्या. थोड्या वेळाने साहेब बाहेर आले, सवयीने डब्याकडे वळले. मी झाकण लावलं.

पारास्काची आई ईस्टरच्या आधीच गेली. पारास्काला पॅटरसनच्या एका बँकेत काम मिळालं, इथल्यापेक्षा कमी पगाराचं. प्रोग्राम मात्र आमच्याकडेच राहिला. वर्षाचं कार्ड बदललं की झालं, इतकं सोपं करून गेली होती ती.

पुढच्या डिसेंबरात ते कार्ड बदलायचं काम माझ्याकडे आलं. मी १९६६ पंच केलं. मग आणखी एक कोरं कार्ड मशीनला लावलं.

साहेब छापील कॅलेंडर घेऊन आले. बोट सात जानेवारीवर. "हे कोणी घातलं?"

"मी."

"तू तर कॅथलिक आहेस. तुमचा नाताळ पंचवीसला."

"पंचवीसचंही कार्ड गठ्ठ्यात आहे, साहेब. ते कधी कुणी काढलं नाही."

माझ्या मागची पंच मशीनं पुन्हा थांबली होती. साहेबांनी गठ्ठ्याकडे हात नेला. एकेक करत सगळ्यांकडे पाहिलं. कुणीच मान खाली घातली नाही. हात तसाच मागे आला.

"पाठवून द्या वर," ते म्हणाले.

कॅलेंडरं मजल्यामजल्यावर लागली. सात तारखेला सुट्टी कुणालाच मिळाली नाही, चांदणी कसली हेही फार जणांनी विचारलं नाही. मी गठ्ठा ट्रेमध्ये परत ठेवला. वरच्या कडेवरची पारास्काने मारलेली लाल रेघ तिरपी जाते आणि एका ठिकाणी केसाएवढी पांढरी राहते, ते माझं कार्ड. लाल पेन्सिल माझ्या खणातच असायची. तेवढी जागा मी कधी रंगवली नाही.