अब्बांच्या कबरीची माती

खैरूनबीला घरी घेऊन जा, असं मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हाच तिचा मुलगा रहिमान काय ते समजून चुकला. इस्लामपूरला त्याचं गाद्या भरायचं दुकान. मागच्या खोलीत अम्मा खाटेवर पडून असायची आणि कॉलेजात इतिहास घेतलेली त्याची लेक सुमैरा उशाशी बसून मोठ्यानं अभ्यास वाचायची. डोळे गेलेल्या आजीला तेवढीच करमणूक.

त्या दिवशी धडा अमेरिकेतल्या चेरोकी लोकांचा होता. त्यांच्या डोंगरात सोनं सापडलं, गोऱ्यांना जमीन हवी झाली आणि सैनिकांनी त्यांना घराघरांतून बाहेर काढून पश्चिमेला हाकललं. भर थंडीत, शेकडो कोस. हजारो माणसं वाटेतच मेली. काहींनी म्हणे आपल्या पवित्र अग्नीतले निखारे जपत जपत नव्या मुलखात नेले.

"आन् गावात आदी पुरल्याली मानसं?" खैरूनबीनं विचारलं.

"ती तितंच राह्यली, दादी."

म्हातारीचं धारगावही असंच उठवलेलं. जंगल राखीव झालं, वाघ हवेत म्हणून माणसं नकोशी झाली, आणि ट्रकात घालून त्यांना खाली उसाच्या मुलखात आणून टाकलं. कागदोपत्री याला छानसं नाव आहे. खैरूनबी त्याला हाकलणंच म्हणायची, आणि तिचं काही चुकत नव्हतं.

"त्यांनी इस्तू तरी न्येला," ती रहिमानला म्हणाली. "आपून काय आणलं? कौलं आन् चौकटी. तुज्या अब्बाला तितंच ठिवून आलू. मला तितं न्हेऊन पुरता येनार न्हाई, ठावं हाय मला. त्यांच्या कबरीवरची मूठभर माती आण. माज्या उशाला टाक."

दुसऱ्या दिवशी तो निघाला. फाटकावरचा वनरक्षक वीरधवल भला पोरगा. नाव लिहून घेतलं आणि आत सोडलं. धारगावात आता नुसत्या करवंदीच्या जाळ्या होत्या, पण कबरीच्या उशाचा चाफा उभा होता. रहिमाननं चपला लांब काढून ठेवल्या, फातिहा पढला, ओली तांबडी माती रुमालात बांधली आणि पोरासारखा हुंदके देऊन रडला. मग चिखलाचे पाय तसेच चपलांत सारून माघारी फिरला.

फाटकावर वीरधवलनं रुमाल सोडायला लावला.

"चाचा, हितनं काय बी भाईर न्हेता येत न्हाई. झाडाचं पान बी न्हाई."

"बापाच्या कबरीची माती हाय रं."

"मला कळतंय वो. वर क्यामेरा हाय. नोकरी जाईल माजी."

रहिमाननं भांडून पाहिलं, हात जोडून पाहिले. शेवटी त्यानं स्वतःच रुमाल झटकला. बापाला दुसऱ्यांदा तिथं टाकून आल्यासारखं त्याला झालं.

उंब्रजला एसटी बदलायची होती आणि असरच्या नमाजाची वेळ झाली होती. मशिदीत तो वजूला बसला. हात, तोंड, मग पाय. बोटांच्या बेचक्यांतून तांबडं पाणी निघालं आणि मोरीत गेलं. अम्माला काय सांगायचं, याच विचारात तो होता. चांगले घासून घासून धुतले त्यानं पाय.

खैरूनबी जागीच होती. त्यानं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग कशीबशी कोपरावर उठली.

"कबरीपाशी आनवानी गेला हुतास न्हवं?"

"व्हय."

"मग पाय हिकडं कर. लागली आसंल की माती."

तेव्हा कुठं रहिमानच्या ध्यानात आलं. म्हातारीनं चाचपत त्याचे पाय धरले. बोटांच्या बेचक्यांत बोटं घालून पाहिलं. पाय स्वच्छ होते, टाचांच्या भेगासुद्धा.

"वजू क्येलास व्हय?"

"व्हय, अम्मा."

"बराबर हाय. नमाज चुकवू ने मानसानं," ती म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड करून निजली. त्यानंतर ती बोललीच नाही.

जुम्म्याला तिला इस्लामपुरातच दफन केलं. रहिमाननं आपल्या वाटच्या तीन मुठी टाकल्या. उसाच्या रानात असते तसली काळी, चिकट माती. घरी येऊन त्यानं नळाखाली हात धरले, पण ती काही केल्या सुटेना.