मंडळाचा कंप्युटर

भांडुपला गावच्या मुंबईकर मंडळाच्या खोलीत मीटिंग भरली तेव्हा रत्नप्रभा दारातल्या चपलांशेजारीच टेकली. मुलुंडच्या लॅबमधल्या लाद्या पुसून ती तशीच आली होती. पाय भरून आले होते, आणि बोलायचं तर आज, आत्ताच बोलायला हवं होतं.

मंडळाने आपला जुना कंप्युटर गावच्या शाळेला द्यायचं ठरवलं होतं. खाली टेम्पो उभा होता, हळदकुंकू लावून खोकं त्यात चढवून झालं होतं आणि देणगीदारांच्या नावांचा फलकही तयार होता. आमच्या मुंबईकरांना गावाला काही द्यायचं म्हटलं की आधी फलक सुचतो.

रत्नप्रभाचा जीव मात्र त्या खोक्यात अडकला होता. मागे तिचा मुलगा सर्वेश दारूपायी व्यसनमुक्ती केंद्रात होता, तेव्हा तिने मंडळाकडे मदतीचा अर्ज केला होता. गावात सांगितलं होतं, बोटीवर गेलाय. मंडळाचे सेक्रेटरी धाकूदादा यांनी तो अर्ज याच कंप्युटरवर स्वतः टाइप केला आणि कुठे ब्रही काढला नाही. आता सर्वेश सावरला होता, नोकरीला लागला होता आणि गावच्याच श्वेताशी त्याचं लग्न ठरलं होतं. श्वेता शाळेतल्या गुरुजींची सख्खी पुतणी, आणि कंप्युटर जाणार होता नेमका त्याच गुरुजींच्या टेबलावर.

धाकूदादांनी तिला दोनदा सांगितलं होतं की सगळं डिलीट केलंय, निर्धास्त राहा. पण लॅबमधले जुने कंप्युटर काढताना साहेबांनी प्रत्येकाची हार्ड डिस्क बाहेर काढून तिला भोकं पाडलेली तिने पाहिली होती. नुसतं डिलीट केलेलं आतच राहतं, कुणीही परत वर काढू शकतो, असं ते म्हणाले होते. तेव्हापासून तिची झोप उडाली होती.

तिने उठून सांगितलं, डिस्क काढून घ्या, शाळेला नवी बसवून द्या. खजिनदार हर्षदने मान्य केलं की बाई म्हणते ते खरं आहे. पण नवी डिस्क आणून सगळं पुन्हा चालू करायला वेळ लागेल, टेम्पो थांबायचा नाही आणि उद्या शाळेत कार्यक्रम. शिवाय गावात कोण बसलंय मंडळाचे जुने अर्ज उकरायला? लोक हसले. गावची माणसं आपलीच, असं कुणीतरी म्हणालं. आपल्याच माणसांची धास्ती सगळ्यात जास्त असते, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी सगळ्यांनी माना डोलावल्या.

"काकी, तुजा एवढा काय आसा त्यात?" हर्षदने विचारलं.

रत्नप्रभाने धाकूदादांकडे पाहिलं. ते मान खाली घालून बसले होते. त्यांनी शब्द दिला होता, ते बोलणार नव्हते. गप्प बसली तर टेम्पो सुटणार होता. तिला एकदम फार थकल्यासारखं झालं. ती बोट, तो कप्तान, कुठकुठली बंदरं, सगळं तिनेच रचलं होतं आणि इतकी वर्षं तिलाच लक्षात ठेवावं लागलं होतं.

"माजो सर्वेश बोटीर गेलोच नाय," ती म्हणाली. "दारू सुटाची म्हणान केंद्रात होतो. ता लिवलेला आसा त्यात."

टेम्पो पनवेल ओलांडायच्या आत ही बातमी फोनवरून गावात पोचणार, हे तिला कळत होतं.

हर्षद ओशाळला. वाईट मनाने नाही, पण त्याने विचारलंच, "मगे आता डिस्क काढूची गरज काय ऱ्हवली?"

"माजा सांगान झाला," रत्नप्रभा म्हणाली. "बाकीच्यांचा अजून आतच आसा."

खोलीत कुणाचीच मान वर होईना. धाकूदादांनी एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवली. ज्यांचे अर्ज त्यांनी टाइप केले होते, ती माणसं समोरच बसली होती. मग ते उठले आणि जिन्यातून वाकून त्यांनी टेम्पोवाल्याला खोकं परत वर आणायला सांगितलं.

रत्नप्रभा पुन्हा खाली बसली. आता घरी जाऊन सर्वेशला काय सांगायचं, याचा विचार करायचंही तिच्यात त्राण उरलं नव्हतं.