मऊ भिंतींचं घर

ठकीने डोकं आपटून घेतलं की तिचा बाप फोम कापायला बसायचा. अहो, सोफे मढवणारा माणूस तो! जगात जे जे टणक ते फोम लावून मऊ करावं, एवढंच त्याला ठाऊक. भिंतींना फोम, पलंगाच्या काठांना फोम, कपाटाला तर चक्क फुलाफुलांचं कापड. आणि ठकी? बापाच्या खांद्याला लागलेली ती गुणाची पोर, उरलेली टणक जागा बरोब्बर शोधून काढायची.

"दादा, आता मलाही खोळ शिव," ठकीची आत्या म्हणायची. बाईची जीभ तिखट, पण पोरीच्या कपाळावर बर्फ धरून बसायची तीच.

ठकी ऑटिस्टिक होती, बोलायची मोजकंच. डोळ्यांच्या डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, असाच मार बसत राहिला तर उजवा डोळा जाईल. तेव्हापासून बापाच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

थेरपिस्ट बाईंनी त्याला विचारलं, "आपटण्याआधी काय होतं?"

"आधीचं मला काय माहीत? आवाज आला की मी धावतो."

"मग एकदा आधीपासून तिच्याजवळ थांबा. ती हट्टाने नाही करत. काहीतरी असह्य होत असणार तिला."

तो धुसफुसतच घरी आला. जवळ थांबा म्हणे! मग पुढच्या खोलीतले गिऱ्हाइकांचे सोफे कोण मढवणार? शिवाय दाराची चौकट अजून उघडी होती, कालच तिथे पोरीला टेंगूळ आलेलं. त्याने फोम घेतला, पिना मारायची बंदूक घेतली, हवेच्या कॉम्प्रेसरची नळी आत ओढली.

ठकी खिडकीशी बसून बोटाला चिंधी गुंडाळत होती, अगदी मजेत. कॉम्प्रेसर घरघरला आणि तिचं बोट थांबलं. खांदे वर चढले. त्याने पिन मारली, ठाक्! तिने कान गच्च दाबले. दुसरी, ठाक्! ती उठली आणि तडक भिंतीकडे निघाली, जिथे फोम लावायचा राहिला होता तिथे.

त्याने बंदूक टाकली आणि मध्ये हात घातला. डोकं तळहातावर आदळलं.

"बंद कर गं तो कॉम्प्रेसर!" तो बहिणीवर ओरडला. जी बंदूक घेऊन तो भिंती मऊ करत सुटला होता, तीच पोरीला भिंतीकडे पिटाळत होती. त्याला रडूच फुटलं.

घर शांत झालं. ठकीने मात्र त्याचा हात सोडला नाही, कपाळ तळव्यावर दाबून धरलं.

"जोरात," ती म्हणाली.

त्याने दाबलं. हळूहळू तिचे खांदे उतरले.

कॉम्प्रेसर दुसऱ्या गल्लीतल्या सुताराच्या शेडमध्ये गेला. घरात आता फक्त सुई-दोऱ्याचं काम. सगळं सुरळीत झालं असं नाही हं. कधी रस्त्यावर खोदकाम निघतं, कधी शेजारी भिंतीत खिळा ठोकतो, आणि एखाद्या दिवशी बापाला उशीर होतोच. पण बहुतेक वेळा ठकी भिंत सोडून त्याच्याकडे येते आणि त्याचा हात उचलून कपाळावर ठेवते. मग सुईत दोरा आत्या ओवून देते, बडबडत.

परवा एक गिऱ्हाईक वैतागलं. "अहो, एका हाताने सोफा कधी व्हायचा?"

"दुसरा हात कामात आहे," बाप म्हणाला, आणि त्याने ठकीचं कपाळ आणखी जरा जोरात दाबलं.