दोघा भावंडांची कावीळ

हंसाच्या पहिल्या बाळंतपणात तिच्या रक्तात ‘बी’ प्रकारची कावीळ सापडली, तेव्हा मोरव्याच्या तिच्या माहेरच्या सगळ्यांचीच तपासणी झाली. आई शांताबाईला ती होती, धाकट्या ईश्वरलाही होती. मुलांना जन्मतानाच आईकडून आली असणार, असं डॉक्टर म्हणाले. पण झोपलेली आहे, घाबरू नका.

हंसा बाजारात सुके बोंबील विकायची. पुन्हा तपासायला जायची तिला कधी सवड झाली नाही. ईश्वर मात्र पथ्याचा पक्का. हाटकेशच्या कारखान्यातून सुटल्यावर मित्र बारकडे वळायचे, हा सरळ घरी. लग्नाच्या हळदीतसुद्धा त्याने कधी दारूच्या ग्लासाला हात लावला नाही. दर वर्षी रक्त तपासून यायचा आणि "झोपलीय अजून," म्हणून हसायचा.

यंदा गणपतीनंतर त्याचं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या नव्याने केल्या. लिव्हर जवळजवळ गेलं होतं.

"विषाणू दोघांचा एकच, आईचाच," त्या हंसाला म्हणाल्या. "पण ईश्वरच्या अंगात तो बदलत गेला. ज्या खुणेवरून तो जागा आहे हे कळतं, ती खूणच त्याने टाकून दिली. साध्या तपासणीत झोपलेला दिसायचा, आणि आतून लिव्हर पोखरत होता."

"मग माझं लिव्हर कापून द्या त्याला. सख्खी बहीण आहे मी."

"तुमचं नाही चालणार, हंसाताई. तुमच्यातही तोच आहे ना."

ईश्वरची बायको निशा तयार होती, पण तिचा रक्तगट जुळला नाही. मग दुसऱ्या कुणाचं लिव्हर मिळेल, याची नुसती वाट बघणं उरलं.

हंसा पेज घेऊन गेली, तर ईश्वर भिंतीकडे तोंड करून पडलेला.

"बाय, तू तर एकदा पन तपासाया गेली न्हाईस," तो म्हणाला.

ती त्याच्या सुजलेल्या पायांवरून हात फिरवायला गेली. त्याने पाय आखडून घेतले. पेज तशीच गार झाली.

दिवाळीच्या आधीच तो गेला.

दिवसकार्य झाल्यावर निशाने हट्टाने हंसाला तपासायला नेलं. नव्या, बारीक तपासणीतही हंसाची कावीळ शांतच निघाली. दोघी घरी आल्या, तेव्हा शांताबाई ओट्यावर बसली होती.

"काय निंगाला?"

"काय न्हाय, आये. बरा हाय."

शांताबाई तिच्याकडे बघत राहिली. "दोघांना मीच दिली ना ती? मंग त्याचीच का बिघारली?"

विषाणू एकात बदलतो आणि दुसऱ्यात का नाही, हे हंसाने डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं. त्यांनाही नक्की सांगता आलं नव्हतं.

"न्हाय म्हाईत, आये."

शांताबाईने तोंड फिरवलं.

पुढे हंसा तपासणीला एकटीच जाऊ लागली. रिपोर्ट चांगला आला, की ती माहेरी कुणाला सांगत नसे.