धरणावर एकटं जायचा बेत

उस्तादाची कात्री आणि जीभ एकाच दोरीला बांधलेल्या होत्या. एक हलली की दुसरी हलणारच. त्याच्या सलूनमध्ये म्हणे एकदा एक गिऱ्हाईक गोष्ट ऐकण्यात असं रंगलं, की गोष्ट संपेपर्यंत कापलेले केस पुन्हा कानावर आले आणि बिचाऱ्याने त्याच बैठकीत दुसऱ्यांदा कापून घेतले. खोटं वाटत असेल तर ते डोकं अजून गावात फिरतंय, जाऊन बघा.

पण जबड्यालाही वय असतं. घरी गेलं की बायको म्हणायची, "अहो, दुकानात जगाशी बोलता, घरातच कशी दातखीळ बसते?" म्हणून तिथंही बोलायचं. सासूबाईंना ऐकू कमी येई, त्यामुळे त्यांच्याशी तेच सगळं पुन्हा ओरडून बोलायचं. शेवटी उस्तादाने मनाशी ठरवलं, की येत्या सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, गावाबाहेरच्या धरणावर एकट्यानेच जायचं. गळ पाण्यात सोडायचा आणि दिवसभर ओठाला ओठ लावून बसायचं. मासा लागला तर ठीक, नाही लागला तर त्याहून ठीक. लागला तर लोक विचारणार, कसा लागला.

बेत चोख होता. मेहुण्याकडून गळाची काठी मागून आणली, ती दुकानातल्या मोठ्या आरशामागे उभी केली. आमिषाला कणकेच्या गोळ्या. पहिली बस. धरणाच्या भिंतीजवळ नाही बसायचं, तिथं पोरं दगड मारतात; ओढा येऊन मिळतो त्या अंगाला एक सपाट खडक आहे, तिथं दुपारपर्यंत सावली असते आणि रस्त्यावरून माणूस दिसत नाही. आता फक्त सोमवारपर्यंत तोंड सांभाळायचं होतं.

शनिवारी सकाळी पोस्टमन येऊन खुर्चीत बसला. उस्तादाने त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, दात आवळले आणि मुकाट्याने कात्री चालवायला घेतली.

"उस्ताद, घरी सगळं ठीक ना?" पोस्टमनने आरशातून विचारलं.

उस्तादाने मान हलवली.

"कोणी गेलंबिलं का?"

नाही.

"मग माझ्या डोक्यात काही निघालं का? चाई लागली? अहो, सांगून टाका, मी खंबीर आहे!"

उस्ताद गप्प.

"हे बघा, हत्यार माझ्या कानाशी आणि तुम्ही मुके. मला भीती वाटते. मी उठतो." आणि अर्धं डोकं भादरलेला पोस्टमन कापडासकट दाराकडे निघाला की!

"बसा हो!" उस्ताद ओरडला. "काही झालेलं नाही. सोमवारी जरा धरणावर जातोय, गळ टाकायला. त्याच विचारात होतो!"

झालं. पोस्टमनचा धंदाच मुळी घरोघर पोचवण्याचा. दुपारच्या आत ही बातमी बिनतिकिटाची सगळ्या गल्लीत वाटून झाली.

पहिला आला शेजारचा शिंपी. "काय हो, आम्ही काय परके? मी टेम्पो सांगितलाय. मागे बाकडी टाकू, बायकापोरं आरामात मावतील." मग पोस्टमन परत आला, मोठी सतरंजी आहे म्हणाला. डबा घेऊन बायको आली. तिचा चेहरा फुलला होता. "मला म्हणे सरप्राइज देणार होतात! आईसुद्धा येतेय. तुम्ही तिच्याच शेजारी बसा हं, तिला तुमचंच तेवढं ऐकू येतं."

उस्तादाला कळलं, की गळ अजून आरशामागे आहे आणि मासा मात्र लागलाय. आता हे सगळे घाबरतील असं काहीतरी सांगायला हवं. दुपारी दुकान भरलेलं बघून त्याने कात्री उचलली.

"सोमवारचं तुमचं तुम्ही बघा बाबांनो," तो म्हणाला. "त्या पाण्यात एक मासा आहे. परवा एकाने गळ टाकून ओढलं, तर मासा जागेवर आणि धरण दोन हात पुढे सरकलं. पोहणारी म्हैस गिळतो आणि घंटा तेवढी थुंकतो. मिशा इतक्या माजल्यात, की कापायला मला बोलावणं आलं होतं. मी गेलो नाही. मला पोरंबाळं आहेत."

पोस्टमन बाकावरून अर्धवट उठला. उस्तादाला वाटलं, सुटलो.

"टेम्पो पुरायचा नाही," शिंपी हळूच म्हणाला. "ट्रकच सांगायला पाहिजे."

आणि खरंच, संध्याकाळपर्यंत पलीकडच्या गल्लीतली माणसं जागा राखायला येऊ लागली. मासा कुणाला नको होता. वाटेत उस्ताद त्या माशाची पुढची हकीकत सांगणार, एवढं पुरे होतं. तो ट्रकमध्ये मधोमध बसणार हेही ठरलं, म्हणजे आवाज दोन्हीकडे सारखा जाईल.

तेव्हा उस्तादाने कात्री फळीवर ठेवली. हात रिकामे केले. कधी नव्हे ते, बोलायचं ठरवून तो बोलला.

"ऐका. मला एकट्याला जायचंय. मला बोलायचं नाहीये. बोलून बोलून मी दमलोय. एक दिवस, फक्त एक दिवस, मला गप्प बसायचंय."

मग पोस्टमनच्या नाकातून फुस्स झालं. शिंपी भिंतीला टेकून खाली सरकला. बाकावरचे एकमेकांच्या मांड्यांवर थापा मारू लागले. "उस्ताद! आणि गप्प!" खुर्चीतलं गिऱ्हाईक इतकं हसलं की साबणाचा फेस त्याच्या नाकात गेला. उस्ताद एकेका तोंडाकडे पाहत राहिला. दार तेवढं माणसांनी भरलेलं होतं, नाहीतर तो तसाच बाहेर पडला असता.

शिंप्याने डोळे पुसले.

"वा उस्ताद! आजवरची सगळ्यात मोठी थाप! सोमवारी ट्रकमध्ये हीच आधी सांगा, आमच्या हिला ऐकवायचीय."

"सांगतो," उस्ताद म्हणाला, आणि फेस पुसायला त्याने फडकं उचललं.