न सांगितलेला ओटीपी

राजमहेंद्रीच्या सुब्बरायुडूंनी बँकेत तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची सात कार्डांवरच्या चोऱ्या पकडण्यात. निवृत्त झाले तरी खोड जाईना. दर रविवारी वसाहतीतल्या म्हाताऱ्यांना जमवून ते मुगाच्या गरम पेसरट्टू डोशाबरोबर उपदेशही वाढायचे.

"ओटीपी सख्ख्या पोरालासुद्धा सांगायचा नाही. हल्ली चोर पोरांचा आवाज हुबेहूब काढतात, रडतात, घाई करतात. रडणं ऐकलं की फोन ठेवा."

म्हातारे माना डोलवायचे आणि दुसरा पेसरट्टू मागायचे.

स्वतःच्या घरात मात्र हा गडी हळवा होता. लेक स्रवंतीनं बापाच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हापासून दोन वर्षं दोघांत शब्द नव्हता. पण आपल्या खात्यावर तिला काढून दिलेलं कार्ड त्यांनी बंद केलं नाही. तीही महिन्यातून एकदा काकिनाड्यात त्यावर काहीतरी किरकोळ घ्यायची. संदेश यांच्या फोनवर यायचा. लेक बरी आहे, एवढं त्यातून कळायचं आणि सुब्बरायुडू दिवसभर खुशीत असायचे.

त्या मंगळवारी ओटीपी आला तो दवाखान्याच्या मोठ्या रकमेचा. पाठोपाठ अनोळखी नंबर वाजला.

"नान्ना, मी. बाळ अडलंय, हे बोटीवर आहेत. माझा फोन बंद पडलाय, नर्सच्या फोनवरून पैसे भरतेय. तुला आलेला नंबर सांग ना लवकर."

आवाज रडत होता, घाईत होता. लेकीला दिवस गेलेत हे बापाला ठाऊकच नव्हतं. त्यांनी फोन ठेवला आणि कार्ड बंद करून टाकलं.

"अहो, तिच्या नंबरवर तरी लावून बघा," बायको कामेश्वरी म्हणाली.

लावला. बंद होता.

"बघ, चोरच," ते म्हणाले.

तिकडे काकिनाड्यात स्रवंतीच्या शेजाऱ्यांनी ऑपरेशनचे पैसे जमवून भरेपर्यंत दोन तास गेले. मुलगी झाली. ती रडलीच नाही.

कळल्याबरोबर दोघं काकिनाड्याला धावली. सुब्बरायुडू खाटेशी बसले आणि लेकीचा हात धरून नुसते रडत राहिले. बराच वेळ तीच त्यांना थोपटत होती.

"तुला माझा आवाज ओळखू आला नसणार, नान्ना," ती म्हणाली. "घसाच बसला होता माझा."

नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. कामेश्वरी डोळ्यांनी तेच विनवत होती. पण या पोरीशी ते कधी खोटं बोलले नव्हते.

"पहिल्याच शब्दाला ओळखला होता, बंगारम. तरी म्हटलं, चोर असाच काढतात."

स्रवंतीनं आपला हात सोडवून घेतला.